पेटीचा आठवडा

आजच्या या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, जे आपल्या घरगुती ऊर्जा सहकारी संस्थेचेही अध्यक्ष आहेत आणि ज्यांच्याकडे मी आज भाषणात तीन-चार वेळा तरी वळून बघणार आहे. व्यासपीठावरचे उपाध्यक्ष, सचिव आणि निवृत्त मुख्य अभियंता. ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधाम सोडून इथे जमलो ते आजचे सत्कारमूर्ती. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या, आणि नवऱ्याचं कौतुक ऐकून घ्यायची सवय नसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती. संस्थेचे कर्मचारी, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या सभासद भगिनींनो आणि बंधूंनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. सत्कारमूर्तींनी मला काल घरी येऊन एक सूचना दिली आहे. म्हणाले, "ताई, चार चांगले शब्द बोला आणि खाली बसा. पेटीचं भांडण माझ्या निरोपाला काढू नका." मी त्यांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, पाणी हवं का एवढंच विचारलं. ते आत्ता खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघताहेत, म्हणजे त्यांना कळलेलं आहे.

मी वक्ता नाही. माझ्या हातात कात्री असते, माईक नसतो. गावातल्या दोन्ही दवाखान्यांत तुम्ही ऑपरेशनला गेलात तर तुमच्या अंगावर जो हिरवा झगा चढवतात, तो आमच्याकडे शिवलेला असतो. त्याच्या पाठीमागच्या नाड्या सुटल्या तर मात्र तो आमच्याकडचा नाही, एवढं नमूद करून ठेवते.

तर सत्कारमूर्तींविषयी. त्यांचं खरं नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, आणि ते वाचून आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी मला विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "अहो, पेटीवाले." तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एकतीस वर्षं ज्या माणसाने घरोघरी प्रकाश पाडला, त्याचं नाव कोणाला माहीत नाही आणि घर मात्र प्रत्येकाचं त्याला माहीत आहे, असा हा गृहस्थ.

जे नवीन सभासद आहेत त्यांच्यासाठी सांगते. तारेवरची वीज आपल्याकडे पहिल्यापासूनच बेभरवशाची. म्हणून ही संस्था निघाली. प्रत्येक घराला एकदाच यंत्रसामग्री मिळणार, आणि ती पंधरा-वीस वर्षं तीच राहणार. मग छतावर सोलर घ्यायचं, पवनचक्की घ्यायची, नुसतं पाणी तापवायचं यंत्र घ्यायचं, की गोठा असेल तर गॅसची टाकी बांधायची? कुठलाही चोख माणूस आधी छत बघेल, सावली मोजेल, वाऱ्याचा वेग बघेल. पेटीवाले तेही करायचे, पण सगळ्यात शेवटी. आधी ते घरात एक पेटी आणून ठेवायचे.

पेटी म्हणजे एक मोठी बॅटरी. वर चार प्लग लावायची सोय आणि एक छोटा मीटर. पेटीत रोज दोन युनिट वीज, एका थेंबाने जास्त नाही. सात दिवस तारेची वीज बंद ठेवायची आणि सगळं घर त्या पेटीवर चालवायचं. रोज सकाळी सातला संस्थेचा टेम्पो येणार, भरलेली पेटी ठेवणार, रिकामी घेऊन जाणार. पेटीला वरच्या कडेने चिकटवलेलं एक पत्रक; पेटी रोज बदलली तरी तोच मीटर आणि तेच पत्रक नव्या पेटीवर चढायचं. ज्याने जे लावलं त्याने ते स्वतःच्या हाताने लिहायचं, किती वाजता लावलं, किती वाजता काढलं. आणि त्यांचा एक नियम होता, तो फार कडक होता. सात दिवसांत घरातल्या कोणी कोणाला "बंद कर" म्हणायचं नाही. बोलायचं नाही, लिहायचं. एवढ्या एका नियमाने किती घरांत किती जणांच्या पोटात दुखलं असेल याची मोजदाद संस्थेकडे नाही.

अशी तेराशे चौसष्ट घरं त्यांनी केली. एका आठवड्याला एक घर. संस्थेच्या दरवर्षीच्या सभेत त्यांना उभं करून विचारलं जायचं की इतका वेळ का लागतो, आणि ते दरवर्षी तेच उत्तर द्यायचे, "आठवडा सात दिवसांचा असतो." अभियंतासाहेब हसताहेत, कारण विचारणारे तेच असायचे.

लोक त्यांना रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय हो, सोलर चांगलं की पवनचक्की?" ते विचारायचे, "कोणासाठी?" एवढं बोलून सायकलवर टांग टाकून निघून जायचे. पुष्कळांना तो शिष्टपणा वाटला. मलाही वाटला होता. पण कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांना विचारा. सगळं गाव सोलर सोलर करत होतं तेव्हा पेटीवाल्यांनी त्यांना पवनचक्की घ्यायला लावली. का, तर त्यांचं पीठ मळायचं यंत्र संध्याकाळी सहाला सुरू होतं, आणि आपल्या खिंडीतून वारा सुटतो तो पाचनंतर. दिवसा इथे पान हलत नाही. बेकरीवाले झोपलेले असताना त्यांच्या छतावर ऊन खाऊन कोण काय करणार होतं? तसंच त्या शाळेजवळच्या दोघी बहिणींचं. त्यांना सगळ्यांसारखी काळी पॅनेल्स हवी होती. पत्रकात सात दिवसांत निघालं काय, तर एक दिवा, एक रेडिओ आणि पाणी तापवायची कांडी, कांडी, कांडी. दोघींनाही सांधेदुखी. यांनी पाण्याचं यंत्र बसवून दिलं आणि काम संपवलं. त्यातल्या थोरल्या आज इथे आल्या आहेत, आणि चालत आल्या आहेत.

आता माझ्या घराकडे वळते. चिठ्ठी यायच्या आत.

चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घरात आम्ही चार माणसं. माझे मामंजी, सासूबाई, आमचे हे, आणि मी. मामंजी पहिल्या रांगेत उजवीकडून दुसरे बसले आहेत. वय शहाऐंशी, कानात यंत्र आहे, आणि ते चालू आहे, कारण माझं नाव पुकारल्यावर त्यांनी ते चाचपून वाढवलेलं मी पाहिलं. मामंजी, तुमच्याबद्दल बोलणार आहे. हो, चांगलंच बोलणार आहे. पण आधी थोडं वाईट.

मामंजी पाणीपुरवठा खात्यात सुपरवायझर होते. चौतीस वर्षं त्यांनी या गावाच्या नळांवर राज्य केलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि राज्य गेलं तरी हुकूम सोडायची सवय काही जात नव्हती. आमच्या समोर वकील राहतात. त्यांच्या छतावर संस्थेची पवनचक्की लागली आणि ती संध्याकाळी अशी काही फिरायची की रस्त्यावरून जाणारा माणूस मान वर करून बघायचा. मामंजी गॅलरीत बसून ते बघायचे. त्यांनी त्या चक्रापेक्षा त्या माना जास्त बघितल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. एक दिवस त्यांनी संस्थेत अर्ज दिला. अर्जावर "पवनचक्की" असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आणि संस्थेचं माणूस येऊन बघायच्या आत आमच्या गच्चीवर लोखंडी खांब उभा केला. सिमेंट काँक्रीट करून, लाल-पांढरा रंग देऊन. वर काहीच नाही. नुसता खांब.

मामंजी म्हणताहेत, रंग त्यांनी स्वतः दिला होता. बरोबर आहे. दोन हात दिले होते.

आणि मी काय करत होते? मी शिवत होते. लग्नात मी माझं शिलाई मशीन घेऊन आले होते, त्याला मोटर होती. गल्लीतल्या बायकांचं शिवता शिवता एका दवाखान्याचं काम मिळालं होतं, महिन्याला साठ झगे. मागच्या खोलीत मी सकाळी घरातलं आवरून बसायची ते संध्याकाळी स्वयंपाकाला उठायची. पण घरात या कामाला शब्द कोणता होता? "तिचं चाललेलं असतं काहीतरी." पाहुणे आले की मामंजी सांगायचे, "सूनबाईला शिवणाची आवड आहे. वेळ जातो तिचा." त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, हे मी आजही सांगते. मलाही तोच शब्द पटलेला होता. किती पटला होता ते पुढे कळेल.

पेटीवाले आले. खांब बघितला. म्हणाले, "खांब छान आहे." मामंजी खूश. मग यांनी दारातच बसून विचारलं, "या घरात सगळ्यात आधी कोण उठतं?" मामंजींच्या कपाळावर आठ्या. वाऱ्याचा वेग मोजायला आलेला माणूस उठण्याबसण्याच्या चौकशा करतोय, म्हणजे काय? पण पेटी ठेवली गेली आणि आठवडा सुरू झाला.

चौथ्या दिवशी पेटीवाले पत्रक बघायला आले. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, मिक्सर, मामंजींच्या बातम्या. सगळं व्यवस्थित. त्यांनी पत्रक वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या बाहीला हिरवे दोरे चिकटलेले होते. म्हणाले, "ताई, मशीन कुठंय?"

मी म्हटलं, "ते पेटीवर लावलं नाही. मोटर काढून ठेवलीये, पायाने चालवते या आठवड्यात. आणि इस्त्री शेजारणीकडे करून आणते."

"का?"

आणि मी काय उत्तर दिलं माहीत आहे? मी म्हटलं, "पेटी घराची आहे ना. ते घरातलं नाही, ते माझं आहे."

हे वाक्य मी बोलले. कोणी मला शिकवलं नव्हतं. चार दिवस पायाने मशीन हाणून माझ्या पोटऱ्यांना गोळे आले होते, पण दोन युनिटांत माझा वाटा असू शकतो हे मला सुचलंच नव्हतं. पेटीवाल्यांनी वाद घातला नाही. पत्रक काढलं, घडी करून खिशात ठेवलं, नवीन कोरं चिकटवलं, आणि मामंजींना म्हणाले, "काका, हा आठवडा धरता येणार नाही. उद्यापासून पुन्हा सात दिवस."

त्यानंतर घरात जे झालं ते मी भर सभेत सांगणार नाही. मामंजी चार दिवस माझ्याशी "हं" एवढंच बोलले.

तर दुसरा आठवडा सुरू झाला. आता मशीन पेटीवर आलं, इस्त्री पेटीवर आली. आणि इस्त्री म्हणजे काय चीज आहे हे इथल्या बायकांना सांगायला नको. तीन दिवस असे झाले की संध्याकाळी बातम्यांच्या तोंडावर पेटी आडवी. टीव्हीवरचा माणूस बोलता बोलता गप्प. नियमाप्रमाणे कोणाला बोलायचं नाही. मामंजी खुर्चीत बसून अंधाऱ्या पडद्याकडे बघत राहायचे, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा फार मोठ्याने ऐकू यायचं.

मी तर पहिल्या संध्याकाळीच भ्याले. आणि मी एक चूक केली. चूक कशाला म्हणू, लबाडी केली. मशीन आठ तास चालवायची आणि पत्रकावर लिहायची, "मशीन, सकाळी एक तास, दुपारी एक तास." इस्त्री, "दहा मिनिटं." आठ तास लिहिले तर लोक म्हणतील, घराकडे बघते कधी ही? आज माझ्याकडे अकरा बायका कामाला आहेत. त्यांच्यातली एक जरी असं कमी लिहून माझ्याकडे आली तर मी तिला समोर बसवून पुन्हा लिहायला लावते. पण त्या दिवसांत मी तशी होते.

आता मीटरला काही लाजलज्जा नसते. सातव्या दिवशी मामंजींच्या लक्षात आलं की पत्रकावरची बेरीज आणि मीटर जुळत नाही. वीज जातेय, पण लिहिलेली नाही. तुम्ही पाणीपुरवठ्यातल्या माणसाला असं काही दाखवलंत की तो काय म्हणणार? "गळती आहे." त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. दिवसभर ते टॉर्च घेऊन वायरींमागे फिरले. भिंतीला कान लावले. पेटीच उलटी करून बघितली. मी मागच्या खोलीत मशीनवर बसून त्यांना घाम पुसताना बघत होते आणि मूग गिळून गप्प होते. मशीन चालू होतं, त्यावर हात ठेवून ते पुढे गेले, गळती शोधायला.

मामंजी हसताहेत. तुम्ही हसलात म्हणून मी पुढचं सांगू शकते.

सोमवारी सकाळी पेटीवाले आले. सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. त्यांनी सगळं वाचून दाखवलं, आणि म्हणाले, "मीटरवर साडेबारा युनिट आहेत. लिहिलेली आहेत सात. साडेपाच युनिट कुठे गेली, ते मला कळल्याशिवाय मी या घराची शिफारस करू शकत नाही."

मामंजी म्हणाले, "साहेब, गळती आहे. पेटी सदोष आहे. तुम्ही सरळ पवनचक्कीची शिफारस करा, खांब तयार आहे."

मी बाहीवरचे हिरवे दोरे वेचत बसले. आणि पेटीवाल्यांनी ते पत्रक सोडवून उलटं केलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मोठमोठी अक्षरं, एकेका ओळीचा चढ-उतार. सोमवार, मशीन, सव्वाआठ ते पावणेएक. पुन्हा दोन ते साडेपाच. इस्त्री, साडेतीन ते चार, पुन्हा पाच ते सव्वापाच. मंगळवार. बुधवार. सातही दिवस. त्यांनी तिथेच बसून बेरीज मांडली. ती मीटरला जाऊन लागली.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, हे तू मागे कशाला लिहिलंस?"

मी पुढे वाकून बघितलं. ते अक्षर माझं नव्हतंच. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "मी लिहिलंय."

माझ्या सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांना लिहिताना मी क्वचितच पाहिलं होतं. घरात त्यांचं मत कोणी विचारायचं नाही, आणि त्याही आपणहून सांगायच्या नाहीत. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ती दोन तास लिहीत होती. मी दिवसभर घरात असते, मला मशीन ऐकू येतं. ते थांबलं की मला कळतं, लागलं की कळतं. तिने खोटं लिहिलं म्हणून मी खरं मागे लिहिलं. समोर लिहिलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं."

मग मामंजींकडे वळल्या. माझ्या लग्नानंतर तोवर मी त्यांना मामंजींशी एवढं सरळ बोलताना ऐकलं नव्हतं. "तुम्ही काल दिवसभर शोधत होतात ना? ती गळती नाही. काम आहे ते."

पेटीवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आमचे हे जमिनीकडे बघत बसले, आणि त्यांनी बघायलाच हवं होतं, कारण लग्नानंतरची आठ वर्षं त्याच घरात राहून त्यांनाही ते मशीन ऐकू आलं नव्हतं.

आता चांगलं सांगते म्हटलं होतं, ते इथे आहे. मामंजींनी पत्रक हातात घेऊन दोन्ही बाजू वाचल्या. मग पेटीवाल्यांना विचारलं, "दिवसा किती जातंय, आणि संध्याकाळी किती?" ते म्हणाले, "दिवसा नऊ, संध्याकाळी साडेतीन." मामंजी म्हणाले, "आणि वारा पाचनंतर." मग म्हणाले, "लोक सकाळी पाणी भरणार असतील तर टाकी संध्याकाळी भरून काय उपयोग? मी माझ्या माणसांना चौतीस वर्षं हेच सांगत होतो." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने अर्जावरचा "पवनचक्की" शब्द खोडला, दोन रेघांसकट, आणि "सोलर" लिहिलं. हट्टी माणसाला स्वतःच्या अक्षरावर काट मारायला काय लागतं ते हट्टी माणसांनाच कळेल. मला त्यांचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर फक्त एकदाच वाटला, आणि तो आत्ता, कारण हे सगळं मी भर सभेत सांगतेय आणि ते उठून गेलेले नाहीत.

त्या पॅनेलांवर एका मशीनची चार झाली, मग शेजारचं घर घेतलं, तिथेही पॅनेल्स लागली. आज आम्ही बाराजणी उन्हावर काम करतो आणि ऊन उतरलं की मशीन झाकून घरी जातो. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत दुपारी आमच्यात येऊन बसायच्या, आणि कोणी विचारलं तर अगदी सहज सांगायच्या, "आमच्या घरात शिवणाचा कारखाना आहे." आमच्या घरात, म्हणायच्या. मला त्या बाईचा अभिमान आहे, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आली चिठ्ठी. "कृपया आटोपते घ्यावे." घेते. पण आता अध्यक्षसाहेब, मी तुमच्याकडे वळते. पेटीवाले, तुम्ही बुटांकडे बघत राहा.

येत्या पहिल्या तारखेपासून पेटी बंद होणार असं आम्हाला कळलं आहे. तिच्या जागी अकरा प्रश्नांचा छापील अर्ज. दहा मिनिटांत भरायचा, संगणक हिशेब करून सांगेल की या घराला काय द्यायचं. मी संस्थेची बाजू समजू शकते. यादीत तीनशे घरं थांबली आहेत, आणि आठवड्याला एक घर म्हटलं तर शेवटच्या घराचा नंबर यायला सहा-सात वर्षं लागतील. आता बॅटऱ्या मोठ्या येतात, पॅनेल्स चांगली येतात. हे सगळं खरं आहे. तुम्ही चार माणसं जास्त नेमा, चार पेट्या जास्त करा, तीन दिवसांचा आठवडा करा, माझं काही म्हणणं नाही.

पण तो अर्ज मी आणून वाचला. पहिला प्रश्न आहे, "कुटुंबप्रमुखाचे नाव." शेवटी एक सही. मामंजी, तुम्ही तो अर्ज भरला असतात तर काय लिहिलं असतंत? ऐकलंत अध्यक्षसाहेब? ते म्हणताहेत, "पवनचक्की, आणि खाली दोन रेघा." संगणकाने आमच्या खांबाचं कौतुक करून पवनचक्की पाठवली असती. ती संध्याकाळी छान फिरली असती, मामंजींनी सगळ्या बातम्या बघितल्या असत्या, आणि मी पायाने मशीन हाणत हाणत एक दिवस सोडून दिलं असतं. कोणी अन्याय केला असं कोणाला वाटलं नसतं. मलाही नाही.

म्हणून मी विचारते, कुठल्या घराला कुठली वीज चांगली हे ठरवायचं म्हणजे काय ठरवायचं? ऊन किती पडतं ते तुमचं यंत्र सांगेल, वारा किती वाहतो तेही सांगेल. घरात कोण काय काम करतं हे प्रमुखाला माहीत असतंच असं नाही. करणारीलाही माहीत असतं असं नाही. पेटीवाल्यांनी एकतीस वर्षं ते शोधून काढलं, मुकाट्याने, दारात बसून. त्यांनी आम्हाला नुसती वीज दिली असं जो म्हणेल त्याने माझ्या घरी यावं.

अध्यक्षसाहेब, एक विचारू का? रागावू नका. माझ्या माहितीप्रमाणे तुमच्या घरी पेटी कधी आलीच नाही. तुम्ही अर्ज दिलात, सोलर आलं. ते बरोबर असेलही. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्या दिवसभरात काय काय करतात, केव्हा करतात, मला माहीत नाही. अर्जाला तर नाहीच नाही. आणि आता तुम्हीच वळून त्यांच्याकडे बघताय, म्हणजे...

काय वहिनी? हात वर केलात ना तुम्ही? जरा माईक द्या हो तिकडे. नको? बरं, इथूनच सांगते मी. वहिनी म्हणताहेत, "सोमवारपासून चालेल, पाठवा."

टाळ्या नंतर, आधी मला संपवू द्या. अध्यक्षसाहेबांनी मान डोलावली आहे. सचिवांनी ती पाहिली आहे, आणि इतिवृत्तात लिहून घेतली असेल असं मी धरून चालते.

मला बोलायला उभं केल्याबद्दल संस्थेचे आभार. ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. मामंजींचे विशेष आभार. पेटीवाले, तुम्हाला निरोप देताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तुम्ही सोमवारी पुन्हा एकदा कामावर येणार असं दिसतंय, तेव्हा ते पुढे ढकलते. तुमची सूचना मी पाळली नाही, दिलेली वेळ पाळली नाही, मोठ्यांचा मान कुठे राखला नसेल, बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, तर घरातली समजून पदरात घ्या.

आणि वहिनी, एक सांगायचं राहिलं. पेटी जड असते, एकट्याने उचलत नाही. सकाळी सातला टेम्पो आला की एका बाजूला साहेबांना धरायला सांगा.